सोमवारची नावं

अर्डिस ट्रॅक्सलरला आमच्या गावात फारसं कुणी जेवायला बोलवत नसे. तिचा राग होता असं नाही. आज जेवायला बोलवायचं आणि पुढच्या आठवड्यात तिनं आपल्याच पोराचं नाव पेपरात छापायचं, या अवघडलेपणातून सुटका हवी असायची, एवढंच.

क्रेसी हे टॅलमन काउंटीचं मुख्य गाव. मुख्य म्हणजे कोर्ट इथं, तुरुंग इथं, आणि चौकात माझं पशुखाद्याचं दुकान. समोर ‘टॅलमन काउंटी क्लॅरियन’चं ऑफिस. हा साप्ताहिक पेपर अर्डिस आणि तिचा नवरा मर्ल मिळून चालवायचे. मर्ल जाहिराती बघायचा, बाकी सगळं ती. दर सोमवारी सकाळी ती चौक ओलांडून शेरीफच्या ऑफिसात जायची, खिडकीवर बसणाऱ्या कारकून नदीनकडून अटकेची नोंदवही मागून घ्यायची आणि आठवड्यात कुणाकुणाला धरलं ते उतरवून आणायची. नाव, वय, गाव, आरोप. गुरुवारी ते छापून यायचं. लोक पेपर तिथूनच उघडायचे.

तिचा नियम एकच होता. छापायचं तर सगळ्यांचं, नाहीतर कुणाचंच नाही. बँकेच्या मॅनेजरचं छापलं, पाद्र्याच्या मेव्हण्याचं छापलं. एकदा मर्ल दारू पिऊन गवत कापायच्या यंत्रावर बसून हमरस्त्यानं बारकडं निघाला होता. पोलिसांनी धरला. गुरुवारी त्याचंही नाव इतरांच्या ओळीत, त्याच अक्षरात.

“अगं, निदान खालच्या कोपऱ्यात तरी घालायचंस,” मर्ल माझ्या दुकानात तिला म्हणाला.

“आडनावाच्या क्रमानं लावते मी,” ती म्हणाली. “टीवरून ट्रॅक्सलर, ते शेवटीच येतं. आणखी किती खाली घालू?”

मर्ल वारल्यावरही तिनं पेपर बंद केला नाही.

त्यानंतर काही वर्षांनी गार्थ हेंड्रिक शेरीफ झाला. तो इथलाच. लहानपणी अर्डिसच्या रविवारच्या धर्मवर्गात बसायचा. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना बरं वाटावं अशी त्याची फार इच्छा असे, आणि त्या नोकरीत ते जमण्यासारखं नसतं. निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं हुकूम काढला: नोंदवही बाहेर दाखवायची नाही, फोनवरही कुणाला काही सांगायचं नाही.

“मिस अर्डिस, कोर्टात काही सिद्ध व्हायच्या आधीच माणसाची अब्रू चव्हाट्यावर येते,” त्यानं तिला समजावलं. “उद्या तो सुटला तर तुम्ही ती परत देणार आहात का?”

“सुटला तर तेही छापते. तू वाचत नाहीस.”

“लोकांनाच नको आहे हो हे.”

“लोकांना नको असेल, पण कायद्यात आहे. धरलेल्या माणसाची नोंद कुणीही बघावी, कशाला हवी ते विचारायचंसुद्धा नाही. मी लेखी अर्ज देते. लेखी उत्तर दे.”

तिनं अर्ज दिला. ‘विचार चालू आहे’ असं उत्तर आलं. त्या गुरुवारी तिनं नेहमीच्या जागी चौकट तशीच ठेवली आणि आत एकच ओळ छापली: शेरीफ कार्यालयाने या आठवड्याची नोंद दाखवली नाही.

गावाला खरं तर हायसं वाटलं. कॅफेत गार्थला कॉफीचे पैसे कुणी देऊ देईना. “अर्डिसबाई, आता पाककृती छापा,” असे टोमणे तिला ऐकायला मिळाले. तरी ती सोमवारी जायची, मागायची, नाही म्हटलं की परत यायची. नदीनला बिचारीला तिच्या नजरेला नजर देववत नसे.

अशाच एका सोमवारी लाकडाच्या गिरणीत काम करणाऱ्या लायल मॅक्एल्वीची बायको पेपरच्या ऑफिसात आली. रोंडा तिचं नाव. काउंटीच्या पार टोकाला, खाडीपलीकडं राहायचे ते. शुक्रवारी सकाळी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि लायल ‘परत येत नाही’ म्हणून ट्रक घेऊन निघून गेला होता. तो खरंच आला नाही. गिरणीतले लोक म्हणाले, गेला असेल कुणा दुसऱ्या बाईकडं. रोंडाच्या स्वतःच्या आईनंही तेच म्हटलं.

“मीही तसंच धरून चालले होते,” रोंडा अर्डिसला म्हणाली. “पण त्याचं इन्सुलिन फ्रिजमध्येच आहे. माझ्यावर रागावून जाईल तो, पण ते घेतल्याशिवाय नाही जाणार.”

“शेरीफला विचारलंस?”

“फोन केला. म्हणाले, आता फोनवर सांगत नाही. हरवल्याची तक्रार द्यायला गेले, तर एक डेप्युटी हसला. म्हणाला, बाई, नवरा पळाला म्हणून आम्ही शोधत नसतो.”

अर्डिसनं कोट घातला. दोघी खिडकीवर गेल्या.

“नदीन, मला कागद नको,” ती म्हणाली. “लायल मॅक्एल्वी आत आहे की नाही, एवढंच सांग.”

नदीननं नोंदवही आपल्याकडं ओढून घेतली. “मला हुकूम आहे, अर्डिस. गार्थला विचारा. तो आत्ता बाहेर गेलाय.”

त्या संध्याकाळी अग्निशमन केंद्रात मदतनिधीचं जेवण होतं. तळलेले मासे, कोबीची कोशिंबीर, मक्याचा पाव. निम्मं गाव तिथं होतं, मीही होतो. गार्थ ताट घेऊन माणसांत बसला होता. या दोघी आत आल्या आणि सरळ त्याच्यापुढं उभ्या राहिल्या.

“गार्थ,” अर्डिस म्हणाली, “लायल मॅक्एल्वी तुझ्या ताब्यात आहे का?”

“मिस अर्डिस, उद्या ऑफिसात या ना.”

“उद्या नाही. हो किंवा नाही म्हण.”

“मला नोंद पाहावी लागेल—”

“आम्हाला पाहू दिली असतीस तर तुला पाहावी लागली नसती.”

तिचा आवाज चढला नव्हता. पण शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली. मग रोंडा म्हणाली, “साहेब, त्याला साखरेचा आजार आहे. शुक्रवारपासून त्याच्याकडं औषध नाही.”

गार्थनं ताट खाली ठेवलं आणि भिंतीवरच्या फोनकडं गेला. आम्हाला त्याची पाठच दिसत होती. तो बराच वेळ नुसता ऐकत होता.

लायलला शुक्रवारी दुपारी रस्त्यावर धरलं होतं. जुन्या वाहतुकीच्या खटल्याची तारीख त्यानं चुकवली होती, त्याचं वॉरंट. आमच्या तुरुंगात जागा नव्हती म्हणून त्याला शेजारच्या काउंटीत नेऊन ठेवलं. घरी फोन लावायला दिला, तेव्हा रोंडा त्यालाच शोधत बाहेर फिरत होती. आजाराबद्दल त्यानं इथं सांगितलं होतं, तिथल्यांना ते कुणी कळवलं नाही. सोमवारी दुपारी तो कोठडीत बेशुद्ध सापडला, आणि आता तिथल्या हॉस्पिटलात होता.

गार्थनं स्वतःच्या गाडीतून रोंडाला तिकडं नेलं.

लायल वाचला, पण मूत्रपिंडांना धक्का बसला आणि गिरणीतलं जड काम कायमचं सुटलं. काउंटीनं पुढं नुकसानभरपाई दिली. किती, ते अर्डिसनं छापलं, कारण तीही सार्वजनिक नोंदच.

त्या जेवणानंतरच्या सोमवारी नोंदवही खिडकीवर बाहेरच ठेवलेली होती. अर्डिसनं राहिलेले सगळे आठवडे उतरवून घेतले. त्यात लायलचं नाव होतं. तिचा नियम ठरलेला, पण त्या दिवशी ती रोंडाला भेटायला हॉस्पिटलात गेली. असं ती कधी करत नसे.

“लायलचं नाव येणार आहे,” तिनं सांगितलं. “मला ते गाळता येत नाही. तुला आधी कळावं म्हणून आले.”

रोंडा म्हणाली, “गाळू नका. तारीखही घाला. गिरणीत सगळे म्हणताहेत तो मला टाकून गेला. तुरुंगात होता म्हणावं.”

अर्डिसनं तारीख घातली.

त्या गुरुवारचा पेपर दुपारपर्यंत संपला. त्या सगळ्या आठवड्यांची राहिलेली नावं एकदम आली होती. बऱ्याच घरांत त्या रात्री भांडणं झाली असणार. अर्डिसला जेवायला बोलावणं त्यानंतरही वाढलं नाही. पुढच्या निवडणुकीत गार्थ परत निवडून आला. समोर कुणी उभंच नव्हतं. पण तुरुंगातून कुणाला दुसरीकडं हलवलं की घरी कळवायचं आणि कुणी फोनवर विचारलं तर सांगायचं, हा नियम त्यानं स्वतः घातला. तो अजून पाळला जातो.

अर्डिसला मी एकदा विचारलं होतं, गार्थवर तुमचा राग आहे का. ती मांजरांसाठी खाद्य घ्यायला आली होती.

“नाही रे,” ती म्हणाली. “लोकांना लाज वाटू नये असं त्याला वाटत होतं. मलाही कधी कधी तसं वाटतं.” मग तिनं पिशवी उचलली आणि गाडीत ठेवायला माझी मदत नको म्हणाली.