चावी नसलेलं पाणी

म्हसळा सुटलं आणि एसटी श्रीवर्धनच्या बाजूला उतरू लागली, तेव्हा वाहकाने विचारलं, "बीचवर ना?" मी म्हटलं, "नाही, पाट बघायला." त्याने तिकीट फाडलं. लोक किल्ले बघतात, मी जुनी पाण्याची कामं बघत हिंडते. त्यातही इंग्रजी अमदानीत कुणी स्वखर्चाने केलेली. घरचे याला खूळ म्हणतात. म्हणोत बापडे.

फाट्यापासून गावापर्यंत एप्रिलच्या उन्हात चालत आले. गावाच्या तोंडाशीच दगडी चौथऱ्यावर नळ वाहत होता, करंगळीएवढी धार, आणि आसपास कुणी नाही. मी चिडून बंद करायला गेले, तर बंद करायला काही नव्हतंच. त्यातच पाय घसरून चप्पल खालच्या पाटात (दगडी पन्हळीत) पडली.

"चावी न्हाय त्याला," चप्पल काढून देत एक बाई म्हणाल्या. इकडे नळाच्या तोटीलाही चावीच म्हणतात.

या शेवंताबाई. नळातून सांडणारं पाणी पाटाने त्यांच्या वाडीत (सुपारीच्या बागेत) जातं. विहीर खारी झाल्यापासून झाडांना दुसरं पाणी नाही. जेवायला त्यांनी आग्रहाने थांबवलं. भात, सोलकढी आणि सुकटाची चटणी. मी दोनदा भात मागून घेतला.

जेवताना हकिगत कळली. गावच्या एका मुसलमान व्यापाऱ्याने डोंगरातल्या झऱ्यापासून हा नळ आणला. गावाने प्यावं, उरलेलं वाड्यांना जावं, आणि "याला चावी लावायची न्हाय" असं त्याने सगळ्यांसमोर बजावलं. त्याचा शब्द अजून पाळतात. पण झरा आटत चाललाय. नळाचं खालचं तोंड सदा उघडं, त्यामुळे त्याचा जो फाटा चढावरच्या पाखाडीला (वस्तीला) जातो, त्यात पाणी चढतच नाही. आणि त्या पाखाडीतच त्या व्यापाऱ्याचं घर आहे.

"मग पाळी लावा," मी शहाणपण शिकवलं.

"एवढ्याशा धारेची काय पाळी लावनार? वाटून न्हाय त्यांना पुरायचं, न्हाय झाडांना."

संध्याकाळी ग्रामपंचायतीने नळाला तोटी बसवायला प्लंबर पाठवला. माणसं जमली. व्यापाऱ्याच्या पणतवाची बायको जुबेदा घागर भरायला आली होती. पोटुशी होती, दिवस भरत आलेले. प्लंबरने पिशवीतून तोटी काढताच तिनेच त्याला अडवलं.

"आमच्या परदादांची जबान हाय ती. ती मोडून आम्ही पानी पिऊ?"

मी शेवंताबाईंकडे पाहिलं. आता त्यांनी नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. वाडी वाचली असती. खरं सांगते, त्या गप्प राहाव्यात असंच मला वाटत होतं.

त्या पुढे झाल्या. "जुबेदा, ते कुलपाच्या चावीचं बोलले व्हते गो. पान्याला कुलूप घालून कुनाला अडवू नका, असं. तोटीचं न्हाय."

"खरं, वयनी?"

"माझ्या सासूनं सांगितलेलं. तिनं कानांनी ऐकलेलं."

जुबेदाने घागर खाली ठेवली आणि शेवंताबाईंचा हात धरला. प्लंबरने तोटी बसवली, फिरवली. धार थांबली. पाटातलं पाणी थोडा वेळ पुढे सरकत राहिलं आणि मग तळाचे दगड दिसू लागले.

रात्री मी शेवंताबाईंकडेच राहिले. सकाळी त्या मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. एसटी दिसल्यावर न राहवून मी विचारलं, "सासूबाई खरंच काय म्हणाल्या होत्या?"

"तोटीचंच म्हनाल्या व्हत्या," त्या सरळ म्हणाल्या.

"आणि वाडी?"

"जाईल. यंदा न्हाय तर पुढल्या साली." त्यांनी डोळे पुसले. "ती माझ्या दारावरनंच घागर घेऊन चढते. असली अवघडलेली. दारात बसून ते रोज कसं बघायचं?"

मी घरी परतले. सगळ्यांनी विचारलं, पाट कसा होता? मी सांगितलं, उत्तम बांधलाय, एक दगड हललेला नाही. पाणी आहे का, असं त्यांनी विचारलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि पदराने तोंड झाकून रडले.