हरिहर फणसे यांची वायर

डोंबिवलीचे हरिहर फणसे मुंबईला एका विमा कचेरीत कारकून होते, पण गावात त्यांना ओळखत ते कर्णेवाले म्हणून. लग्न, मुंज, निवडणूक, काहीही असो, फणस्यांचा माइक आणि दोन कर्णे बॅटरीवर चालत. माणूस अबोल. दुसऱ्यांचा आवाज मोठा करणारे हरिहर स्वतः इतकं हळू बोलत की गिऱ्हाइकाला कान पुढे करावा लागे.

त्यांचा जीव वायरीत. माइकची वायर ते कोणाला कोपराभोवती गुंडाळू देत नसत. पीळ पडून आतली तार तुटते, म्हणून स्वतःच मोठाली वेटोळी करून खुंटीला टांगत. टोकाच्या पिनांना कथलाचा डाखही स्वतः देत. मांडवात कोणी वायरीवर पाय दिला तर रागवत नसत, नुसते त्या पायाकडे बघत राहत. पाय आपोआप उचलला जाई.

अशी वायर वर्षातून एकदाच दगा देई, तीही कल्याणच्या शारदीय व्याख्यानमालेत, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात. वक्ता ‘सज्जनहो’ म्हणाला की कर्ण्यातून चणे भाजल्यासारखा आवाज सुरू होई. त्रेपन्न साली वायर नवी होती. चोपन्न साली वायर आणि पिना दोन्ही नव्या. चणे तेच.

“हरिहरपंत,” मालेचे चिटणीस भाऊ पटवर्धन पंचावन्न साली म्हणाले, “यंदा पुन्हा असं झालं तर पुढच्या वर्षी ठाण्याचा माणूस बोलावणार. वाईट वाटून घेऊ नका.”

“नाही,” हरिहर म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं. लग्नात कर्णा लागे तो गाण्यांच्या तबकड्यांसाठी. माणसाचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचावं म्हणून त्यांना बोलावणारी ही एकच जागा होती.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माइक घरीच लावून पाहिला. चणे. त्यांनी पिनेचा आटा फिरवून ती उघडली. आत लाल होतं. तांबं हिरवं पडतं, लाल नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वास घेतला. कुंकू होतं, खाली हळद, आणि सगळं ओलसर.

त्यांची आई विमलाबाई ओटीवर तांदूळ पाखडत होत्या.

“आई, काल माइकची पूजा कोणी केली?”

“तूच की. पेटीवर एक फूल टाकलंस आणि सोनं वाटायला गेलास. राहिलेली मी केली.”

“पिनेच्या आतसुद्धा?”

“वरवरची पूजा मला चालत नाही. पहिल्या वर्षी नुसतं हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं. तरी तुझी वायर बिघडली, म्हणून दुसऱ्या वर्षी दुर्वेनं पाणी शिंपडलं. यंदा दूधही घातलंय.”

हरिहरांनी पिन उलटी करून झटकली. मग म्हणाले, “ओल लागली की आवाज खरखरतो.”

विमलाबाईंनी सूप खाली ठेवलं. “म्हणजे मी बिघडवली?”

“ओलीनं बिघडवली.”

“ओल कोणाची?”

हरिहर पिनेत फुंकर मारू लागले.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“मला आजच कळलं.”

“आणि म्हणे कर्णेवाला.”

दुपारी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी जुन्या खणाचा तुकडा काढला आणि प्रत्येक पिनेला नाडीचं एकेक टोपडं शिवलं, तान्ह्या मुलाला शिवतात तसं. “पुढल्या दसऱ्याला पूजा या टोपड्यांची. आत काय आहे ते देव बघून घेईल,” त्या म्हणाल्या. हरिहरांनी पिना पुसून उन्हात वाळवल्या आणि नव्यानं डाख दिला.

व्याख्यानाचा विषय होता ‘समाजस्वास्थ्य आणि आपण’. वक्ता ‘सज्जनहो’ म्हणाला. चणे नाहीत. पुढचे दोन तास प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला. ती रांग आजवर माइकच्या नावानं बोटं मोडत उठत असे. यंदा ती वक्त्याच्या नावानं बोटं मोडत उठली, आणि जरा लवकर.

हरिहर वायरीची वेटोळी करत होते. भाऊ जवळ आले. थकलेले दिसत होते.

“हरिहरपंत, शब्द न् शब्द ऐकू आला.”

“हो.”

“पुढच्या वर्षी तुमचं नक्की,” भाऊ म्हणाले. “वक्ता बदलू.”