उकार गळालेलं गाव

आमच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या धंद्यात एक वस्तू अशी आहे की तिच्यापायी मी कितीतरी हिवाळे संध्याकाळचा चहा सुखाने प्यायले नाही. ती म्हणजे फिल्म. पारदर्शक प्लास्टिकचा ताव आणि त्यावर काळ्या शाईत डिझाइन. उन्हाने घट्ट होणारा मसाला लावलेल्या जाळीवर ती ठेवायची आणि उन्हात धरायची. जिथे काळं असेल तिथे ऊन पोचत नाही, तेवढा मसाला पाण्याने धुऊन निघतो आणि पुढे तिथूनच शाई उतरते. फिल्मवरचं काळं कच्चं असलं की पुढचं सगळंच कच्चं. चांगली फिल्म मिळायची चंद्रपूरला, आम्ही राहतो मूलला, आणि मधे जंगल.

रस्ता चांगला डांबरी आहे. एसट्या धावतात, ट्रक धावतात, दिवसा त्याचा कुणी विचारही करत नाही. पण हे दुपारून मोटारसायकल काढायचे, तिथे फिल्मवाल्याकडे नंबर लागायचा, फिल्म हातात येईपर्यंत ऊन उतरलेलं असायचं. त्यात धान निघालं की गिरण्या सुरू होतात आणि तांदळाचे प्लास्टिकचे कट्टे, म्हणजे पोती, छापून घ्यायला गिरणीवाले दारात उभे राहतात. म्हणजे सर्वांत जास्त फेऱ्या नेमक्या लवकर अंधारणाऱ्या महिन्यांत. शहर सोडताना यांचा फोन यायचा, "निघालो." त्यानंतर जंगलाच्या पट्ट्यात रेंज नाही. मी ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत येरझारा घालायची.

सासूबाईंना आम्ही सगळे बाई म्हणतो. बाई वाघाला वाघ म्हणत नाहीत. नाव घेतलं की ऐकू जातं, असं त्यांचं म्हणणं. त्या नुसतं 'तो' म्हणतात. त्यामुळे आमच्या घरात 'हे' म्हणजे माझा नवरा आणि 'तो' म्हणजे वाघ, आणि संध्याकाळी बाई "दिसला काय वं?" असं विचारायच्या तेव्हा त्या दोघांपैकी कुणाबद्दल विचारतात हे मला कळायचं नाही.

फिल्म बसने मागवून पाहिली होती. एकदा कंडक्टरच्या सामानात गुंडाळी अशी चेपली की तिचा चुरगळलेला पापड झाला, आणि एकदा ती मूलला न उतरता गडचिरोली पाहून आली. तेव्हापासून हे स्वतःच जायचे. परत आले की मी काही लाडात यायची नाही. जीव भांड्यात पडलेला असायचा, पण तोंडातून ठरलेलं वाक्य निघायचं, "फिल्मले सुरकुती तर नाई पडली ना?" मी भ्याले की माझा आवाज चढतो. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी यांना वाटतं मला फिल्मची काळजी आहे.

मागच्या हिवाळ्यात एकदा हे आले, हातपाय धुतले, जेवायला बसले आणि भातात वरण कालवता कालवता म्हणाले, "आज तो होता रस्त्यावर."

बाईंच्या हातातला डाव थांबला. "किती दूर?"

"त्या नळाएवढा."

नळ आमच्या अंगणातच आहे.

"गाडीवर बसून राह्यलो, इंजिन सुरू ठेवून. मागून ट्रक आला, मंग गेला उठून," हे म्हणाले आणि त्यांनी आणखी भात मागितला. मी भात वाढला. भांडी घासताना मात्र ठरवून टाकलं की यापुढे फिल्म घरी निघेल.

व्हिजिटिंग कार्डांसाठी घेतलेला एक इंकजेट प्रिंटर घरात होताच. त्यावर फिल्म काढून पाहिली तर काळा म्हणून जो रंग निघाला तो खिडकीशी धरल्यावर चहासारखा दिसत होता. चौकशी केल्यावर समजलं की दोष प्रिंटरचा नाही, त्याला हाकणाऱ्याचा आहे. फिल्मसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. शाई किती सोडायची ते ते ठरवतं आणि चित्रातल्या फिक्या-गडद छटांचे लहानमोठे ठिपके पाडून देतं, कारण जाळीतून एका वेळी एकच रंग उतरतो, फिका वेगळा आणि गडद वेगळा असा नाही.

यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "चंद्रपूरवाल्याची मशीनच वेगळी हाये. आपल्याले नाई जमत."

"नाई जमलं तर जा तुमी. पन पयले जमवू तर द्या."

मग करार झाला. एका मोठ्या गिरणीचा नवा कट्टा छापायचा होता. त्यावर धानाच्या लोंब्यांची पेंढी होती, चांगली छटा-बिटा असलेली, आणि नमुना दाखवायचा दिवस ठरला होता. ही फिल्म घरी धड निघाली तर चंद्रपूर बंद. नाही निघाली तर उरलेला हंगाम हे पूर्वीसारखेच जाणार आणि मी पूर्वीसारखीच दारात.

सॉफ्टवेअर निवडताना मी जेवढा विचार केला तेवढा आईवडिलांनी माझ्यासाठी स्थळ निवडताना केला नसेल. पहिलं ओळखीच्या एकाने पेनड्राइव्हमधून फुकट आणून दिलं, कुलूप तोडलेलं. ते सुरू केल्याबरोबर कॉम्प्युटर असा धापा टाकू लागला की मी हात जोडून काढून टाकलं. दुसरं इंटरनेटवरचं, तेही फुकट. ठिपके सुरेख पाडायचं, पण काळा रंग पुन्हा चहाच. तिसरं विकतचं, नागपूरच्या विक्रेत्याकडचं. ते प्रिंटरच्या सगळ्या खणांत काळी शाई भरू द्यायचं आणि सगळ्या खणांतून एकदम काळं ओतायचं. शिवाय इंटरनेट नसलं तरी चालायचं, हे आमच्याकडे फार महत्त्वाचं. आधी काही दिवस वापरून पाहायची सोय होती. मी तेच घेतलं.

ते बसवायला नागपूरचा माणूस आला नाही. त्याने फोनवर सांगून तिकडूनच आमचा कॉम्प्युटर हातात घेतला. बाई मटार सोलत बाजूला बसल्या होत्या. कुणाचा हात नसताना पडद्यावरचा बाण फिरताना त्यांनी पाहिला आणि सूप घेऊन त्या लांब सरकल्या. "हा कोन चालवून राह्यला?"

"नागपूरचा मानूस हाये, बाई."

"त्याले चहा इचार," बाई म्हणाल्या. फोनवरच्या माणसाला ते ऐकू गेलं आणि तो कितीतरी वेळ हसत राहिला.

पहिला ताव उलट्या बाजूने घातला गेला आणि शाई गुळगुळीत प्लास्टिकवर थेंबाथेंबांनी पळाली. मग फोनवरच्या माणसाने सांगितलं की ओलं बोट टेकवायचं, जी बाजू बोटाला चिकटते ती वर. मी बोट टेकवलं, ताव फिरवला. पुढची फिल्म निघाली ती यांनी खिडकीशी धरली. बराच वेळ धरली. तव्याच्या बुडाएवढी काळी होती.

"काळं हाये," हे म्हणाले. आमच्याकडे यापेक्षा मोठं कौतुक होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या कट्ट्याची फिल्म काढली. जाळी उन्हात धरली, धुतली, वाळवली, आणि दुपारनंतर पहिला कट्टा छापला. पेंढी अशी उतरली की एकेक लोंबी वेगळी दिसावी. हे वाकून ठिपके पाहत होते, मी यांचा चेहरा पाहत होते. बाईही उठून आल्या. बाई वाचायला उशिरा शिकल्या, अजूनही अक्षरावर बोट ठेवून वाचतात. त्यांनी सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"म... ल. मल." त्यांनी वर पाहिलं. "गिरनीवाल्यानं असं काऊन लिवाले सांगितलं?"

आम्ही दोघांनी वाचलं. मूलचं मल झालं होतं. वरच्या ओळीतल्या तांदूळचं तांदळ झालं होतं, जिल्ह्याचं चंद्रपर. सगळे उकार गळून गेले होते. ज्या गावात जन्म चालला त्याचं नाव कोण वाचत बसतं? दिसलं की वाचलंच आपण, असं वाटतं. खाण्याच्या तांदळाच्या कट्ट्यावर मल, आणि तोही इतका सुबक काळा. एरवी मी हसून लोळले असते. पण यांनी खुंटीवरचं हेल्मेट काढलं होतं.

"मी जाऊन येतो. सकाळी नमुना द्याचा हाये."

बाहेर ऊन पिवळं पडायला लागलं होतं. मी नागपूरला फोन लावला, तो लागेना. हे हेल्मेट डोक्यावर चढवून माझ्यासमोर उभे, हातात पेनड्राइव्ह. "फाइल टाकून दे याच्यात."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. यांचा नाही, त्या उकारांचा. खुर्चीवर बसले, फाइल उघडली आणि पेनड्राइव्हसाठी नेहमी करते ते माझ्या हाताने आपोआप केलं. सगळं निवडलं आणि कर्व्ह केलं, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकलं. चंद्रपूरचा फिल्मवाला दुकानात पाऊल टाकल्याबरोबर विचारायचा, "कर्व्ह केलं काय?" आमचे मराठी फॉन्ट जुने, त्यांत काना, मात्रा, उकार वेगळ्या तुकड्यांनी जोडलेले. अक्षरांचं चित्र केलं नाही तर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे सांडतात. घरून चंद्रपूरला पाठवताना मी हे कधी विसरले नव्हते. घरातल्या घरात पेनड्राइव्ह लागला नाही, म्हणून त्याच्याबरोबरचं कामही राहून गेलं.

"थांबा," मी म्हणाले.

"काऊन?"

"थांबा म्हणते ना. उभे राहा तसेच."

तीच फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. प्रिंटर कुरकुरत फिल्म बाहेर ढकलू लागला. आधी गिरणीचं नाव, मग पेंढी, लोंबीमागून लोंबी. हे हेल्मेट घालून वाकले होते, मी ताव हातावर झेलत होते, आणि बाई बोट तयार ठेवून. शेवटी खालची ओळ आली. बाईंनी ओल्या शाईला न लागता वरूनच बोट फिरवलं.

"मू... ल," त्या म्हणाल्या. "आला आपला गाव."

"हेल्मेट काढा आता," मी म्हणाले. आवाज चढलाच.

त्यांनी काढलं. सकाळी उन्हात नवी जाळी केली, नमुना गिरणीत गेला आणि पसंत पडला. 'मल' छापलेल्या कट्ट्यात बाईंनी शेणखत भरून ठेवलं. वाया काहीच गेलं नाही.

त्या हंगामात पुढे रोज काम होतं. एका संध्याकाळी कुकर लावला आणि माझे पाय नेहमीच्या वेळी आपोआप दाराकडे गेले. रस्त्यावर दिवे लागत होते. चंद्रपूरकडून येणाऱ्या गाड्यांचे उजेड एकामागून एक वळत होते आणि मी प्रत्येक उजेड न्याहाळत होते. मागून हे जाळी पुसत पुसत आले.

"कोनाची वाट पाहून राह्यली?"

"तुमची," मी म्हणाले.