काकांचा घसा आणि खर्रा

"काका, आधी तोंडातलं थुंका, मग बोला," मी फोनवर म्हणाले.

पलीकडून पुन्हा तसाच आवाज आला, गालात काहीतरी धरून बोलल्यासारखा. मी वॉटफर्डमध्ये जीपी आहे, म्हणजे फॅमिली डॉक्टर. इथे पेशंटशी पहिलं बोलणं बहुतेक वेळा फोनवरच होतं. पण मी मूळची नागपूरची. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा तोंडात असला की निम्मं नागपूर असंच बोलतं, तेव्हा हा आवाज मला नवीन नव्हता.

काकांच्या मुलाने, निखिलने, फोन घेतला. तो इथे आयटीत आहे. आईवडील नागपूरहून त्याच्याकडे राहायला आले होते.

"डॉक्टर, बाबा तसलं काही खात नाहीत. ही हॅज क्विट. घसा दुखतोय, ताप आहे, दॅट्स ऑल. अँटिबायोटिकचा एक कोर्स द्या ना, प्लीज. शनिवारी त्यांची फ्लाइट आहे."

घसा दुखला की अँटिबायोटिक मागणारे रोज भेटतात. बहुतेक वेळा घसा व्हायरसमुळे दुखतो आणि आठवड्याभरात आपला आपण बरा होतो. नाक वाहतंय, खोकला आहे, तर संशय व्हायरसवरच. अँटिबायोटिक व्हायरसचं काहीही वाकडं करू शकत नाही, हे सांगून सांगून माझाच घसा बसतो. उलट खोकला नाही, ताप चढलाय आणि टॉन्सिलवर पू दिसतोय, तर बॅक्टेरियाचा विचार करायचा. काकांना खोकला नव्हता. ताप होता. आणि टॉन्सिल काही फोनवर दिसत नाहीत.

"घेऊन या त्यांना," मी म्हणाले.

थोड्या वेळाने तिघेही आले. काका साठी उलटलेले, हातात टिश्यूचा गोळा. काकू मागच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

"आ करा, काका."

काकांनी तोंड उघडलं. आत माझं एक बोट जेमतेम गेलं असतं. टॉर्च मारला तर जिभेचा शेंडा दिसला, गालाची पांढुरकी पडलेली आतली बाजू दिसली. टॉन्सिल दिसेनात.

इथून माझा गोंधळ सुरू झाला. कधी कधी टॉन्सिलच्या बाजूला पू साठून गळू होतं, त्याला क्विन्झी म्हणतात. त्यात जबडा आवळतो, आवाज तोंडात घास असल्यासारखा येतो आणि लाळसुद्धा गिळवत नाही, म्हणून थुंकावी लागते. गळू वाढलं तर श्वास अडू शकतो. अशा माणसाला गोळ्या देऊन घरी पाठवायचं नसतं. पण वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्याच्या गालाचं अस्तर ताठ होत जातं, त्याचंही तोंड उघडत नाही. आवाज तसाच. थुंकण्याचं तर विचारूच नका. त्यातून क्विन्झी जास्त करून तरुणांना होते. हॉस्पिटलला फोन करून सांगू तरी काय? नागपूरचे एक गृहस्थ नागपूरकरांसारखेच बोलतायत आणि थुंकतायत म्हणून?

"काका, तोंड असं कधीपासून उघडत नाही?"

काकांनी नुसता हात हलवला. त्यातून कालपासून की दहा वर्षांपासून, काही कळेना.

"नेहमीचंच आहे ते," निखिल म्हणाला.

"म्हणजे खर्रा खातात?"

"नाही हो. आय टोल्ड यू."

तेवढ्यात काका टिश्यूत थुंकले. मी निखिलकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. मला राग आला. बापाच्या खर्र्याची लाज वाटते, ठीक आहे, पण डॉक्टरपासून कसली लपवाछपवी?

"काकू, तुम्ही सांगा."

काकूंनी आधी मुलाकडे पाहिलं. "खातात जी. पण आणलेला सारा संपला रविवारीच. वेम्बलीच्या भारतीय दुकानांत जाऊनही शोधला यांनी, नाही भेटला."

"म्हणजे आत्ता तोंडात खर्रा नाही? मग थुंकतायत काय?"

"नुसती लाळ थुंकून राहिले कालपासून. सकाळी चहा दिला, तोही गिळता नाही आला."

"आणि तोंड? एरवी किती उघडतं?"

काकूंनी दोन बोटं उभी धरली. मग त्यातलं एक मिटलं. "आज एवढंच."

मी काकांच्या जबड्याखाली हात लावला. डावीकडे सूज होती, आणि ते कळवळले. मी लगेच हॉस्पिटलच्या ईएनटी डॉक्टरांना फोन लावला. लाळ गिळता येत नाही म्हटल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. ताबडतोब पाठवा, म्हणाले.

"पण फ्लाइट?" निखिलने विचारलं.

"निखिल, विमानात श्वास अडला तर काय करशील?"

त्याचा चेहरा उतरला. त्याने वडिलांच्या अंगात कोट घातला आणि बटणंही स्वतःच लावली.

क्विन्झीच निघाली. एवढ्याशा तोंडातून कशीबशी सुई घालून हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी पू काढला, शिरेतून अँटिबायोटिक दिलं. शनिवारची फ्लाइट अर्थातच गेली. पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. आवाज खणखणीत.

"डॉक्टर, एकदम बरं वाटून राहिलं. तोंडही पहिल्यासारखं दोन बोटं उघडते!"

"काका, दोन बोटं हाही आजारच आहे. तीन तरी जायला हवीत. गाल पांढरा पडलाय, त्यात पुढे कॅन्सरची भीती असते. नागपूरला उतरलात की आधी तोंड तपासून घ्या. आणि खर्रा बंद."

काका म्हणाले, "आमच्या खर्र्याच्या दुकानावर सगळ्यांचंच एवढं उघडते, डॉक्टर."

तेव्हापासून कोणी "नेहमीचंच आहे" म्हणालं की मी तोंड किती उघडतं ते बोटांनी दाखवायला सांगते, आणि मुळात असायला हवं किती, तेही दाखवते.