आत्या टेबलाखाली गेली तेव्हा

माझ्या आत्याला गप्प बसता येत नाही. चर्चच्या मंडळीत सगळे तिला भोंगाआत्या म्हणतात आणि तिला त्याचा राग येण्याऐवजी अभिमान वाटतो. आयुष्यभर तिने शिवणाचे वर्ग चालवले. मशिनांच्या खडखडाटावर चढवलेला आवाज पुन्हा खाली आलाच नाही. रविवारच्या शाळेत बायबलची गोष्ट सांगताना ती तांबडा समुद्र दुभंगवते तेव्हा रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचं गिऱ्हाईक दचकतं. न्हाव्याने तशी तक्रारही केली होती.

अशा बाईची निवड मुलांचं ऐकून घेण्याच्या कामावर व्हावी, हा देवाचा विनोदच म्हणायचा.

झालं असं, की सीमेकडे लढाई पेटली आणि घरदार सोडून निघालेली कुटुंबं आमच्या गावाबाहेरच्या रिकाम्या गोदामात राहायला आली. त्यांच्या मुलांसाठी चर्चच्या हॉलमध्ये शनिवारचा वर्ग घ्यायचं पाळकसाहेबांनी ठरवलं. खेळ, चित्रं, प्रार्थना, आणि मनात साचलेलं हळूहळू बाहेर यावं एवढीच अपेक्षा. शिकवणाऱ्यांसाठी आधी प्रशिक्षण होतं. आत्याने सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि चटया घालायला म्हणून मलाही ओढलं.

प्रशिक्षण देणाऱ्या बाई म्हणाल्या, "मुलांना समजावत बसू नका. काय झालं ते विचारा आणि ऐका." आत्याने मान डोलावली आणि यावर स्वतःचेच किस्से सांगायला सुरुवात केली. शेवटी त्या बाईंनी वैतागून तिच्या हातावर आल्याची गोळी ठेवली. "ऐकताना ही चघळत राहा." तेव्हापासून आत्याच्या पिशवीत गोळ्यांची पुडी असते. गाल फुगलेला दिसला की समजायचं, आत्या ऐकतेय. तोंड बंद असलं तरी भुवयांचा पट्टा चालूच असतो.

त्या प्रशिक्षणातली एक गोष्ट मात्र तिला आतून हलवून गेली. प्रत्येकाने आपलं दुःख कागदावर उतरवायचं, क्रुसापाशी न्यायचं आणि तिथे जाळायचं. ते ओझं प्रभूने घेतलं, असा त्याचा अर्थ. आत्याने आतोबांबद्दल लिहिलं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण कागदाची राख होताना ती हमसून हमसून रडली. घरी येताना म्हणाली, "हलकं वाटतंय गं." मला तिच्यासाठी खरंच बरं वाटलं.

वर्ग सुरू झाला. त्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. घर सोडल्यापासून ती कुणाशीच बोललेली नव्हती, आईशीसुद्धा नाही. आई धुलाईच्या दुकानात कामाला जायची आणि येताजाता लेकीच्या तोंडाकडे बघायची. एकदा आत्याच्या तोंडात नेमकी गोळी नव्हती. "काळजी करू नका, या हॉलमध्ये बोलेल तुमची लेक," ती म्हणून गेली. "मी शब्द देते." मी तिला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. आई तो शब्द धरून बसली. दर शनिवारी न्यायला आली की आधी आत्याकडे आशेने बघायची, आणि कुणाला म्हणून न भिणारी माझी आत्या चटया गुंडाळायला पळायची.

मग तो शनिवार आला. मुलांनी चित्रं काढली होती. त्या मुलीने नेहमीसारखं निळ्या दाराचं घर काढलं. आत्याने टेबलावर लाकडी क्रूस मांडला, पुढे स्टीलचं ताट ठेवलं.

"आत्या, मुलांना चित्रं जाळायला लावणार?" मी विचारलं.

"मला बरं वाटलं ना? मग त्यांनाही वाटेल."

तिने स्वतःचाच एक कागद ताटात ठेवला आणि काडी लावली. ज्योत वीतभरही नसेल. पण सगळी मुलं भिंतीला जाऊन चिकटली. एक लहानगं किंचाळलं. ती मुलगी टेबलाखाली शिरली आणि तिने डोकं दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

आपण कुणापुढे काडी पेटवली ते आत्याच्या तेव्हा लक्षात आलं. तिने तांब्यातलं पाणी ताटात ओतलं. मला तिचा राग आला होता आणि दयाही. मग जिच्या दोन्ही गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय अशी ही बाई जमिनीवर बसली, आडवी झाली आणि टेबलाखाली सरकली. अर्धी आत गेली, अर्धी बाहेरच राहिली.

"माझं चुकलं गं बाळा," ती म्हणाली. "फार मोठं चुकलं."

आणि गप्प बसली. गोळीशिवाय. मी लहानग्याला कडेवर घेऊन उभी होते. आता ही पोर पुन्हा हॉलची पायरीसुद्धा चढणार नाही, असंच मला वाटत होतं.

बऱ्याच वेळाने टेबलाखालून घोगरा आवाज आला. तो कुणाचा, हे मला आधी कळलंच नाही.

"देवाला चित्र दिसतं?"

"दिसतं."

"न जाळता?"

"न जाळता."

"मग आमचं घर जळताना नाही दिसलं?"

महापुरातल्या नोहाच्या तारवात डास का घेतले, यालासुद्धा आत्याकडे उत्तर असतं. या वेळी मात्र ती म्हणाली, "मला नाही माहीत गं. त्यालाच विचार."

"रागावून?"

"रागावूनच विचार. बायबलच्या स्तोत्रांमध्ये मोठमोठे रागावलेत त्याच्यावर."

मुलीने हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. "देवा, कुठे होतास तू? आम्ही हाका मारत होतो. आजीला चालता येत नव्हतं. तुला माहीत होतं ते. मग तू का नाही आलास?" आवाज चढत गेला. पाळकसाहेब बिस्किटांचा डबा घेऊन दारात आले आणि दचकले. "अगं बाळ, देवाशी असं बोलू नये..."

त्यांच्या मागून ओल्या बाहीचा एक हात पुढे आला आणि त्यांच्या दंडावर थांबला. मुलीची आई होती.

"बोलू द्या," ती म्हणाली, आणि उंबऱ्यातच खाली बसली. मला रडू आवरेना.

मुलगी बोलत होती. घराबद्दल, वाटेत सुटलेल्या चपलेबद्दल, आजीबद्दल. मग श्वास घ्यायला थांबली. आत्याला शांतता कुठली सोसायला! संपलं असं समजून तिने दणदणीत "आमेन" म्हटलं.

"थांबा," टेबलाखालून आवाज आला. "माझं अजून संपलं नाही."