उजवा कौल

अक्काच्या गुडघ्यातून पुन्हा पाणी झिरपताना दिसलं, त्या सकाळी मी पहिलं काम काय केलं असेल, तर तिची साडी पायावर सारली आणि म्हणालो, "काही नाही, घाम आहे." घाम नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. कपड्याला डाग कशाचा पडलाय हे मी लांबून ओळखतो. हेब्बाळला माझं शिलाईचं दुकान आहे, आणि आयुष्य त्यातच गेलं. पण त्या डागामागे माझाच हात होता, म्हणून मला तो बघायचा नव्हता.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही, आणि पुढे माझंही राहून गेलं. आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांचं आहे ते आम्हालाही धड सांगता येत नाही. भाषेत निम्मी कन्नड मिसळली, पण देव्हाऱ्यातला भवानीचा चांदीचा टाक तेवढा जसाच्या तसा राहिला. घरात काहीही अडलं की त्या टाकाला कौल लावायचा, ही आमची रीत. शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून टाकाच्या दोन बाजूंना डकवायच्या आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. दुकानाची जागासुद्धा आम्ही देवीला विचारून घेतली होती.

अक्काचा गुडघा बदलला आणि तिसऱ्या आठवड्यात जखम चिघळली. पुन्हा ऑपरेशन करून आतून धुतली, दंडातल्या शिरेतून औषधं दिली आणि घरी सोडताना डॉक्टरबाईंनी तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. "एकही चुकवायची नाही," त्या म्हणाल्या. दीड महिना मी घड्याळ लावून गोळ्या दिल्या. जखम सुकली, पण अक्काचं अन्न तुटलं. तोंडाला लोखंडाची चव यायची, आवडीचा बिसी बेळे भातसुद्धा पुढ्यातून सारायची. "तम्मा, पुरे आता," म्हणायची; धाकट्या भावाला ती अशी कन्नडच हाक मारते. तिचे ते हाल मला बघवेनात. मनात मी गोळ्या बंद करूनच टाकल्या होत्या. फक्त ती जबाबदारी मला माझ्या अंगावर नको होती.

म्हणून गोळ्या थांबवू का, असा मी कौल लावला. अक्का आत पलंगावर होती. पहिल्यांदा डावी पाकळी पडली. म्हटलं, पंख्याचा वारा असणार. पंखा बंद करून पुन्हा लावला, पुन्हा डावीच. आता इथं कोणीही शहाणा माणूस उठला असता. पण मी हट्टी, लहानपणी सागरगोट्यांत हरलो की डाव मोडणारा. तिसऱ्या वेळी मी उजवी पाकळी नुसती टेकवल्यासारखी टाकाच्या कडेला ठेवली आणि डावी चांगली दाबून बसवली. उजवी पडायला पळभरही लागलं नाही. मी मोठ्यानं ओरडलो, "अक्का, उजवा आला!" तिनं आतूनच हात जोडले. "सरी, बरं, तिचीच इच्छा," म्हणाली, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. मला केवढं बरं वाटलं होतं! आज ते आठवलं की स्वतःची किळस येते.

पुढे पंधरा दिवसांनी गुडघा गरम लागला. उरलेल्या गोळ्यांतल्या चार दिवस दिल्या, उतार पडला, थांबवल्या. पुन्हा दुखलं, पुन्हा तीन दिवस दिल्या. आणि मग ती पाणी झिरपण्याची सकाळ उजाडली. दवाखान्यात नेईपर्यंत अक्का तापानं फणफणली होती, कशाची शुद्ध नव्हती. डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळ्या रोज घेतल्या ना?" मी म्हणालो, "एकही चुकली नाही." इतक्या सहज म्हणालो, की मलाच खरं वाटलं.

तीन दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. जंतूंवर त्या गोळ्या आता चालत नव्हत्या, त्यांच्या जोडीची आणखी औषधंही चालत नव्हती. बाई म्हणाल्या, "रोज गोळ्या घेऊनही असं झालं असेल, तर औषध आत सांध्यापर्यंत पोचतच नसावं. मग पाय वाचवण्याचा हट्ट धरून जीव धोक्यात घालता येणार नाही. दुपारी ठरवू." मी मान हलवली आणि जिना उतरून खाली आलो.

खाली दारापाशी छोटा गणपती बसवला होता. हातांची खोड जात नाही. तबकातल्या दोन पाकळ्या उचलल्या, तीर्थात बुडवल्या आणि मूर्तीला डकवल्या. खरं सांगावं की नको, हे मी देवाला विचारत होतो! तेवढ्यात फरशी पुसणारी एक बाई आली. तिनं ओल्या फडक्यानं मूर्तीचा चौथरा पुसला, आणि पुसता पुसता दोन्ही पाकळ्या एकदमच काढून घेतल्या. मी "अय्यो" म्हणालो. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "देवर्‌न याके केळ्तीरा अण्णा? डॉक्टर मेलेने इद्दारल्ला," ती म्हणाली. देवाला काय विचारता, डॉक्टर वरच आहेत की. एवढं बोलून ती बादली उचलून पुढे गेली. मी काय विचारत होतो हे तिला कळायचं काही कारण नव्हतं. नंतर मी तिला शोधलं, पण ती पुन्हा दिसली नाही. मी याचा अर्थ लावत बसत नाही. पण त्या क्षणी माझी मान कुणीतरी धरून जिन्याकडे वळवली, असं मला वाटलं.

वर जाऊन सगळं सांगितलं, कौलासकट. डॉक्टरबाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं पेन उघडलं. "किती दिवस बंद, किती दिवस चालू, आठवून सांगा." मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "अर्धवट औषधातून जे जंतू वाचतात, ते त्या औषधाला सरावतात. तुम्ही त्यांना सराव दिलात. पण म्हणजे औषध पोचत होतं. मग अजून एक वाट आहे." बसवलेला सांधा काढून टाकला. दीड महिना एक कडक औषध शिरेतून दिलं, त्यात मूत्रपिंडांचीही परीक्षा झाली. अक्का वाचली, पायही वाचला. गुडघा मात्र आता वाकत नाही आणि वाकणारही नाही.

एवढ्यावर मी सुटलो असं समजलो होतो. पण घरी आल्यापासून अक्कानं देव्हाऱ्याकडे पाहणं सोडलं. अंगारा दिला तर उशाशी ठेवून द्यायची. कित्येक आठवडे मी बघून न बघितल्यासारखं केलं. एका संध्याकाळी न राहवून विचारलं, तर म्हणाली, "तिनंच सांगितलं नव्हतं का गोळ्या सोड म्हणून? मी तिचं काय वाकडं केलं होतं?"

माझं पाप मी देवीच्या नावावर खपवलं होतं, आणि त्यापायी अक्कापासून तिची देवीच तुटली होती. मी तिच्या पलंगाशी खाली बसलो आणि तीनही कौल सांगितले. मी शिव्यांची वाट पाहत होतो, त्या मिळाल्या असत्या तर सोपं झालं असतं. तिचे डोळे भरले.

"म्हणजे दोनदा नको म्हणाली होती ती?"

"दोनदा."

"मग तिनं मला टाकलं नव्हतं रे, तम्मा." पायाबद्दल एक शब्द नाही. "स्वल्प हात दे. मला तिच्यापुढे ने."

देवीनं मला दोनदा अडवलं आणि तिसऱ्यांदा त्या फरशी पुसणाऱ्या बाईच्या हातून अडवलं, अशी माझी श्रद्धा आहे, आणि त्या उपकारांतून मी उतराई होणार नाही. शरण जायचं तर पहिलं उत्तर घेऊन उठायचं, एवढं मला समजलंय. फार उशिरा समजलं. अक्का आता खुर्चीवर बसून पूजा करते. गुडघा वाकत नाही, म्हणून पाय सरळ देव्हाऱ्याकडे होतो. देवीकडे पाय केला म्हणून ती रोज आधी क्षमा मागते. ती क्षमा मी मागायची आहे. म्हणून रोज तिच्या मागे उभा राहतो आणि तिच्याआधी हात जोडतो.