मागच्या कव्हरपुरता वाचक

नातीसाठी पैंजण घेताना डबीवर ‘हुपरी’ वाचलं आणि माझी कानशिलं तापली. वीसेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कोंदट नेट कॅफेत बसून मी पुस्तकवेड्यांच्या ऑनलाइन गटात मतं ठोकायचो. तिथं हुपरीच्या एका बाईंनी पैंजणांचं काम उरकून वाचलेल्या रहस्यकथांबद्दल हौसेनं लिहिलं. ‘असला कचरा सोडा, हे वाचा,’ म्हणत मी एका जाडजूड कादंबरीचं नाव फेकलं. महिन्याभरानं त्यांचं उत्तर आलं, ‘दादा, एसटीनं कोल्हापूरला येऊन आणली की. दोनदा वाचली, पण शेवट कळंना झालाय. जरा समजून सांगा.’ मी फक्त मागचं कव्हर वाचलं होतं. उत्तर न देताच मी गट सोडला. आजवर ती कादंबरी तीनदा वाचलीय. शेवट मलाही कळलेला नाही.